मळ्यावरचं कुत्रं राखणीला कसं तयार करायचं

आमची द्राक्षबाग दिंडोरी रोडला, राखणीला कुत्रं लागतंच, पण लोक पिल्लू आणलं की आधी साखळीला बांधतात आणि तिथंच सगळं बिघडतं, सारखं बांधलेलं कुत्रं शहाणं होत नाही, नुसतं चिडकं होतं. पहिले ३-४ महिने लय महत्त्वाचे, तेव्हाच मजूर, ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, पाहुणे सगळ्याची सवय लावा. ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस.

शिकवायचं दिवसातून दोनदा, ५-१० मिनिटं, बास. आधी फक्त बस, थांब, ये. आणि घरात सगळ्यांचा शब्द एकच पाहिजे, आई 'बस' म्हणते, पोरगा 'सिट' म्हणतो, ते बिचारं काय समजणार! खाऊ लगेच द्या, उशीर झाला तर कशाचा मिळाला हेच त्याला कळत नाही.

आता भुंकणं. एकाला गेट वाजवायला लावा, दोन-तीनदा भुंकू द्या, मग 'गप' म्हणत नाकापाशी भाकरीचा तुकडा धरा, वास घ्यायला ते थांबतंच, थांबलं की तुकडा द्या. आमच्या मोत्याला हे जमायला तीन आठवडे गेले. चावायला मात्र घरी शिकवू नका हां, उद्या दूधवाल्याला धरलं तर निस्तरणार कोण?

अजून एक, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे, किडनी जाऊ शकते, विरळणीत, म्हणजे घडातले जादा मणी काढताना, खाली पडलेले मणी चघळू देऊ नका. आणि रात्री मोकळं सोडू नका, आपल्याकडं बिबट्या फिरतो, वरूनसुद्धा जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा, तिथून भुंकून तुम्हाला उठवलं तरी काम झालं.