आरशासारख्या पाण्यावर सीप्लेन उतरवताना
वारा नाही, लाट नाही, तळं एकदम आरसा, म्हणजे लँडिंग मस्त होणार असं वाटतं ना, तिथेच फसतात लोक. अलास्का-कॅनडाकडच्या तळ्यांवर असं बऱ्याचदा होतं, पाण्यात ढगच दिसतात आणि पाणी 5 फुटांवर आहे की 50, कळतच नाही. म्हणून काठाला धरून या, नजर झाडांवर, नाक जरासं वर, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला साधारण 150 फूट उतरत राहा, आणि फ्लोट (विमानाखालचे तरंगणारे पाय) पाण्याला टेकेपर्यंत तसंच धरून ठेवा, अंदाजाने फ्लेअर (टेकण्याआधी नाक आणखी वर उचलणं) तर अजिबात नको. टेकलं की मग थ्रॉटल बंद. जागा भरपूर लागते हां यात, छोटं तळं असेल तर सोडा. आणि फ्लोटला चाकं असतील तर ती वर घेतलीत ना हे मोठ्याने बोलून चेक करा, खाली राहिली तर विमान पालथंच.