सेल बदलण्याआधी टोन लिहून घ्या

पालखी पुण्यात यायला अजून तीन आठवडे आहेत. गाडीतल्या जुन्या व्हीएचएफ हॅम रेडिओ सेटचा मेमरीचा सेल (चॅनल लक्षात ठेवणारा) बदलायचा असेल तर या शनिवार-रविवारी बदला. मागच्या खेपेला मी तो आदल्या रात्री बदलला आणि दुसऱ्या दिवशी दिवे घाटात मुका होऊन बसलो.

आधी वही घ्या. स्क्रूड्रायव्हर नंतर. प्रत्येक चॅनलची फ्रीक्वेन्सी लिहा, शिफ्ट, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रीक्वेन्सीतलं अंतर, लिहा (दोन मीटर बँडवर बहुधा 600 किलोहर्ट्‌झच असते, पण वर की खाली तेही लिहा) आणि टोन, म्हणजे बोलताना आवाजाबरोबर जाणारा खालचा सूर, लिहा. मी वीस चॅनलच्या फ्रीक्वेन्सी सुवाच्य अक्षरात उतरवल्या होत्या. टोन पाठ आहे म्हणून सोडला. पाठ नव्हता. घाटात मला सगळे खणखणीत ऐकू येत होते, माझं मात्र कुणाला जात नव्हतं. योग्य टोन मिळाल्याशिवाय रिपीटर (आपला आवाज घेऊन पुढे लांबवर पाठवणारा सेट) उघडत नाही, आणि तो नुसता ऐकून ओळखावा म्हटलं तर तीही सोय नाही. हे टोन 67 ते 254 हर्ट्‌झमध्ये असतात आणि 300च्या खालचं सगळं सेट स्पीकरपर्यंत पोचूच देत नाही. मी अँटेना हलवली, कनेक्टर पिळला, पॉवर वाढवली, माइकला दोष दिला. ऊन, टाळ-मृदंग, फोनला रेंज नाही. शेवटी मागच्या दिंडीबरोबर येणाऱ्या आमच्यातल्याच एकाने आपला हँडी (हातातला सेट) माझ्यापुढे धरला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 88.5. एवढंच हवं होतं. तर, टोन लिहा.

सेल पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. सीआर2032 हा बटण सेल मागा, पण पत्र्याचे पाय वेल्ड केलेला. साधा सेल आणून त्यावर थेट सोल्डर मारायची हौस करू नका. लिथियम 180 अंशांना वितळतं, तुमचं आयर्न 350ला असतं. सेल फुटू शकतो, नाही फुटला तरी त्याचं सील जातं. एलआयआर2032 दिसायला तसाच असतो, पण तो चार्जिंगचा आणि व्होल्टेजही वेगळं. घेऊ नका. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणेल.

जुना सेल मीटरवर 3 व्होल्ट दाखवतो म्हणून खूश होऊ नका. लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत तेवढंच दाखवतो आणि मग एकदम घसरतो. 2.7 दिसलं तर तुम्हाला आधीच उशीर झालाय. हिशोब साधा आहे: सेल साधारण 220 मिलीअँपिअर-तासांचा, मेमरीची ओढ तीन मायक्रोअँपिअर धरली तर कागदावर आठ वर्षं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या सेटला हा कागद लागू नाही. व्होल्टेज नव्हे, सेलचं वय बघा.

सेट कुठला आहे तेही बघा. आयकॉमचे 80च्या दशकातले आयसी-751 किंवा आयसी-आर71 असतील तर हात लावू नका. त्यांच्यात चॅनलच नव्हे, सेट चालवणारा प्रोग्रॅमसुद्धा त्या सेलवर जगतो. सेल गेला की सेट ठोकळा. तिथे वही कामाची नाही; जाणकाराकडे न्या. उलट नवीन सेटमध्ये मेमरी फ्लॅशमध्ये, म्हणजे विजेशिवाय टिकणारी, असते, सेल असलाच तर घड्याळापुरता. त्यांना हे पुराण नको. (टोन तरीही लिहा.)

गुरुवारी बसू नका. महावितरणची देखभाल निघाली की सोल्डर अर्ध्यात आणि आयर्न थंड.

मेमरी जाऊ द्यायची नसेल तर दोन पेन्सिल सेल जोडून, मध्ये एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) टाकून, जुन्या सेलच्या टोकांना समांतर लावा आणि मगच तो काढा. प्लस-मायनस दोनदा बघा. आयर्न तापलं की प्लग भिंतीतून काढून मग टेकवा, कारण अर्थ केलेलं टोक मेमरीचा पुरवठा शॉर्ट करू शकतं. मी हे सगळं नीट केलं होतं बरं का. पण चिमटा घसरला, डायोडचा पाय सुटला, मेमरी गेली. म्हणून म्हणतो, समांतर सेल लावला तरी वही आधी. आणि वहीत टोन.

जुना सेल गळला असेल, पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल, तर नवा लावण्याआधी ती घासून काढा. सोल्डरचा उरलेला चिकट फ्लक्सही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात त्या चिकट थरातून दोन-चार मायक्रोअँपिअर गळत राहतात आणि आठ वर्षांचा सेल चारात संपतो.

मग झाकण, स्क्रू, चॅनल भरणं, ते काय सांगायचं. फक्त ‘ऐकू येतंय’ म्हणजे झालं असं समजू नका. रिपीटर उघडून कुणाकडून तरी उत्तर घ्या. फ्यूज, जादा माइक, लायसन्सची प्रत नेहमीसारखी. सेटच्या पोटाला चिकटपट्टी लावून सेल बदलल्याची तारीख टाका. टोनही तिथेच.