टोमॅटोची पानं पिवळी पडतायत? खत टाकायच्या आधी या चुका टाळा

पान पिवळं दिसलं की लोक लगेच मूठभर खत टाकून मोकळे होतात, तीच पहिली चूक. आधी बघा पिवळं कुठलं पान झालंय, खालचं जुनं की शेंड्याचं कोवळं, अर्धं निदान तिथेच होतं.

खालचं पान शिरांसकट सगळंच पिवळं आणि झाड खुरटलेलं, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय, गांडूळखत द्या. खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी पडतंय. त्यावर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) चालतं, लिटरभर पाण्यात अर्धा-एक चमचा, पण व्हिडिओ बघून दर आठवड्याला सगळ्या कुंड्यांना घालत सुटू नका, मॅग्नेशियम जास्त झालं की झाडाला कॅल्शियम नीट घेता येत नाही आणि मग टोमॅटोची बुडं काळी पडतात.

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये. यात गंमत अशी की लोह मातीत बऱ्याचदा असतंच, पण बोअरचं जड पाणी घालून घालून माती अल्कधर्मी झालेली असते नाहीतर कुंडी कायम चिखल, त्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका! जास्त पाण्याने पण झाड मान टाकतं, आपल्याला वाटतं तहानलंय, अजून एक तांब्या ओततो. बोट दोन इंच मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नको. कुंडीचं भोक बुजलंय का तेही बघा.

तपकिरी डाग आणि डागात गोल गोल वलयं दिसली तर तो करपा, म्हणजे बुरशीचा रोग, तिथे खताचा काही संबंध नाही. डागाळलेली पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि पाणी बुडाशीच घाला.

शेंड्याची पानं बारीक, वाटीसारखी वळलेली, कडा पिवळ्या आणि झाड हलवलं की पांढरी माशी उडते, तर तो लीफ कर्ल व्हायरस. औषध नाही, झाड उपटा, बाकीच्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा. नुसती खालची हिरवी पानं कडक उन्हात वळली असतील तर मात्र घाबरू नका.

पानावर बारीक फिकट ठिपके असतील तर पान उलटं करून बघा, जाळी दिसली की लाल कोळी ही कीड. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, साबणाचे दोन-चार थेंब, फवारा पानाच्या खालून आणि संध्याकाळीच, भर उन्हात मारलं तर पानं भाजतात आणि लोक म्हणतात रोग वाढला.