तारा लावलेल्या दातांच्या वाढलेल्या हिरड्या : या चुका टाळा

तारा लावलेल्या मुलाची हिरडी फुगून ब्रॅकेटवर (दाताला चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या छोट्या तुकड्यावर) चढलेली दिसली की तालुक्याच्या गावी नव्याने दवाखाना थाटलेले आमचे अनेक तरुण सहकारी पहिल्याच भेटीत हिरडी कापायला लेझर हातात घेतात. ही घाई मला अजिबात मान्य नाही. यातली बरीचशी वाढ ब्रॅकेटभोवती साचलेल्या जंतूंच्या थरामुळे आलेली सूज असते. तार काढून नीट स्केलिंग केले (दातांवरचा थर खरवडून काढला), ब्रॅकेटच्या कडेला राहिलेले जादा कंपोझिट (ते चिकटवण्याचे द्रव्य) घासून काढले आणि मुलाला आरशासमोर उभे करून ब्रश शिकवला, तर काही आठवड्यांत ती पुष्कळ उतरते. जी घट्ट, तंतुमय वाढ मागे उरते तेवढीच कापायची असते. कापसाच्या वेचणीत आईवडिलांना पुन्हा यायला जमणार नाही, हे कारण मला सांगितले जाते. परंतु न साफ केलेल्या तोंडात कापलेली हिरडी पुन्हा वाढते आणि त्यांची फेरी वाचत नाहीच.

दुसरी चूक रोजची औषधे न विचारण्याची. यवतमाळकडच्या एका खेड्यातली मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या हिरड्या दुसरीकडे एकदा कापून झालेल्या होत्या आणि काही महिन्यांत त्या पुन्हा दातांवर आल्या होत्या. औषध चालू आहे का, या प्रश्नाला आईने नकार दिला. सोबतचे नातेवाईक बाहेर गेल्यावर मात्र ती हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरीला झटके येत होते, त्याची गोळी रोज देतो; पण कोणाला सांगू नका, उद्या तिची सोयरीक करायची आहे." गोळी फिनिटॉईनची होती, आणि हिरडी वाढवणारे औषध म्हणून तिची ओळख जुनी आहे. अशी गोळी दंतवैद्याने कधीही परस्पर बंद करू नये, कारण एकाएकी थांबवल्यास जीवघेणे झटके येऊ शकतात. मी तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना पत्र लिहिले, त्यांनी टप्प्याटप्प्याने औषध बदलले आणि काटेकोर सफाईच्या जोडीने हिरड्या हळूहळू ओसरल्या. तेव्हापासून मी "औषध चालू आहे का" असे न विचारता घरातली गोळ्यांची पाकिटेच आणायला सांगतो, आणि आईशी एकटीशी बोलतो. मोठ्या वयाच्या रुग्णांत रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिन हेच करू शकते.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक गुळण्यांच्या औषधाची बाटली महिनोन्‌महिने वापरायला देऊ नये. दात डागाळतात, चव बिघडते. ०.२ टक्क्यांचे १० मिलि द्रावण दिवसातून दोनदा, दोन आठवडे, आणि पेस्टने दात घासल्यावर अर्ध्या तासाने, एवढे पुरे.

कापण्याआधी प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) हिरडी मोजावी. घट्ट हिरडी पुरेशी उरणार नसेल किंवा खाली हाड झिजले असेल, तर साधी जिंजिव्हेक्टमी (वाढलेली हिरडी नुसती कापणे) न करता फ्लॅपचा, म्हणजे हिरडी उचलून करायच्या शस्त्रक्रियेचा, विचार करावा. कॉटरीचे (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाचे) टोक धातूच्या ब्रॅकेटला टेकवू नये.

दातांच्या फटीतले बारीक ब्रश गावच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाहीत, म्हणून ते दवाखान्यातच ठेवावेत.

समजावूनही सफाई सुधारत नसेल, तर तारा काही महिने उतरवून ठेवाव्यात. पालक पैशांवरून रागावतात, तरी दात किडवून सरळ करण्यापेक्षा तो राग सहन करणे मी पसंत करतो.