मेटॅलिक बेस कोटवर ढग उठले तर

बंपर किंवा बाइकच्या टाकीवर मेटॅलिक बेस कोटमध्ये (क्लिअरखालचा, धातूचे कण असलेला रंगाचा थर) गडद-फिकट पट्टे, म्हणजेच ढग, दिसले की बहुतेक जण लगेच आणखी एक जाड हात मारतात. त्याने पट्टे वाढतात. ओल्या, जाड थरात ॲल्युमिनियमचे कण तरंगत सरकतात आणि गोळा होतात. म्हणून आधी थांबा. पृष्ठभागाची चमक पूर्ण जाऊन तो मॅट दिसेपर्यंत, साधारण 10 ते 15 मिनिटे, थर सुकू द्या. मग स्प्रे गन नेहमीच्या 15-20 सेंमीऐवजी 25-30 सेंमीवर धरून, हवेचा दाब थोडा कमी करून एक हलका, एकसारखा फवारा मारा. गनचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे. हे सगळे क्लिअर कोटच्या (वरचा पारदर्शक थर) आधी. नंतर ढग लपत नाहीत, उलट उठून दिसतात.

थरात धुळीचा कण अडकला असेल तर सुकल्यावर 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढाच भाग घासा, पण त्यावर पुन्हा बेस मारल्याशिवाय क्लिअर नको, घासलेल्या ॲल्युमिनियमच्या कणांचा डाग राहतो.

गोल खड्डे पडले तर दोष सिलिकॉन, मेण किंवा तेलाचा. थर पूर्ण सुकवून, घासून, डीग्रीझरने (तेलकटपणा काढणारे द्रावण) पुसा आणि डीग्रीझर वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या.