वेव्हफॉर्ममधली लाल पट्टी

व्हेरिलॉग या डिजिटल सर्किटचं वर्णन करायच्या भाषेत लिहिलेला माझा पहिला काउंटर (क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकने वाढणारं सर्किट) आयकेरस या सिम्युलेटरवर चालवला आणि सिग्नलचे आलेख, म्हणजे वेव्हफॉर्म, दाखवणारं जीटीकेवेव्ह उघडलं. क्लॉक छान वरखाली होत होता, आउटपुटवर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल पट्टी. दोन दिवस बेरजेतली चूक शोधत बसलो. बेरीज बरोबरच होती, काउंटरला सुरुवातीची किंमत देणारा रिसेट द्यायचा राहिला होता.

व्हेरिलॉगमध्ये सिग्नलच्या एका बिटाला चार किमती असतात: ०, १, एक्स आणि झेड. झेड म्हणजे वायरला कुणीच ड्राइव्ह करत नाही. एक्स म्हणजे ० की १ ते सिम्युलेटरला ठाऊक नाही; माझी लाल पट्टी ती हीच. किंमत साठवणाऱ्या रजिस्टरची सुरुवात एक्सनेच होते, आणि एक्समध्ये १ मिळवला तरी एक्सच! गंमत म्हणजे एफपीजीए (हवं ते सर्किट उतरवता येणारी चिप) बोर्डावर तोच काउंटर निमूट चालला, कारण तिथले फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट साठवणारे घटक, ० घेऊनच उठले होते. खऱ्या चिपमध्ये एक्स नावाचं काही नसतंच. लाल पट्टीला मात्र घाबरू नका. खरी भीती ती न दिसण्याची. ‘इफ’च्या अटीत एक्स आला की व्हेरिलॉग गुपचूप ‘एल्स’मध्ये शिरतं आणि चूक झाकली जाते.

दुसरा गैरसमज वेळेचा. सिम्युलेटर दर नॅनोसेकंदाला सगळं सर्किट तपासत असेल, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात त्याच्याकडे घटनांची वेळेनुसार लावलेली रांग असते. एखादा सिग्नल बदलला, की त्यावर अवलंबून असलेले कोडचे ब्लॉक तेवढे पुन्हा चालतात. १० नंतरची घटना थेट ५०० वर असेल, तर तो सरळ ५०० वर उडी मारतो.

खरी गुंतागुंत एकाच क्षणात आहे. एकाच क्लॉकवर एका ब्लॉकमध्ये ‘ए = बी’ आणि दुसऱ्यात ‘बी = ए’ लिहिलं, तर आधी कोण हे स्टँडर्ड ठरवत नाही; जो ब्लॉक आधी चालेल त्याच्या उजव्या बाजूची किंमत दोघांत जाते. नॉन-ब्लॉकिंग ‘<=’ वापरलं, तर उजव्या बाजू आधी वाचल्या जातात, डावीकडे लिहिणं नंतर होतं, आणि अदलाबदल नीट होते.

पुस्तक मिटून एक प्रयोग करा. नँड गेटचं आउटपुट त्याच्याच एका इनपुटला जोडा. दुसऱ्या इनपुटला आधी ०, मग १ द्या. विलंब शून्य असेल तर सिम्युलेटर त्याच क्षणात अडकून बसेल. गेटला १ नॅनोसेकंद विलंब द्या, की दर २ नॅनोसेकंदांनी फिरणारी लाट दिसेल. सिम्युलेशन थांबवणारं ‘फिनिश’ लिहायला तेवढं विसरू नका, नाहीतर सिग्नलचे बदल नोंदवणारी डंप फाइल डिस्क भरून टाकेल.