ब्रिजची भोकं सगळ्यात शेवटी

इलेक्ट्रिक गिटार घरी बनवताना ब्रिजची (तारांचं खालचं टोक धरणाऱ्या, बॉडीवरच्या भागाची) जागा नकाशावरून ठरवू नका. आधी नेक (गिटारचा लांब दांडा) बसवा, मगच मोजा. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डावरच्या (नेकच्या बोटं दाबायच्या पृष्ठभागावरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या. नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा. ही दुप्पट म्हणजे स्केल, तारेची मूळ लांबी. ६४८ मिमी स्केलला बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३२४ मिमी यायला हवं.

आता सर्वांत बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकणारा तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे, नेकच्या बाजूला आणा. २-३ मिमी वाव ठेवा. ते सॅडल नटपासून ६४८ मिमीच्या रेषेवर धरून ब्रिज ठेवा. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाते, सूर चढतो. तो उतरवायला सॅडल मागेच न्यावं लागतं, जाड तारांना जास्त. सॅडल मधोमध ठेवून ब्रिज ठोकला, तर जाड तारेला मागची जागा अपुरी पडू शकते.

भोकं पाडण्याआधी दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघा: फ्रेटबोर्डाच्या कडांपासून दोन्हीकडे अंतर सारखं हवं. ही तपासणी अजिबात टाळू नका. अर्थिंगच्या (ब्रिजला जोडायच्या विजेच्या) वायरचं भोकही ब्रिजखाली आत्ताच पाडा. कठीण लाकडात ३ मिमी स्क्रूसाठी २.५ मिमी ड्रिल वापरा, आट्यांना मेण लावा. नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं.